आबांच्या मरणाचा दुसरा खर्डा

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही — नवऱ्यालाही नाही. आता सांगतानाही हसू फुटतंय, आणि त्याचीच जास्त लाज वाटतेय.

धुळ्याला कॉलेजात आम्हाला लेखनाचा एक तास असायचा. पहिला खर्डा लिहायचा, मॅडम तो तपासणार, मग सुधारून पुन्हा द्यायचा. विषय होता — घरातलं एक माणूस. मी आबांवर, म्हणजे माझ्या आजोबांवर लिहिलं. पिंपळनेरला राहणारे, फटफटी चालवणारे, शेवभाजीचा रस्सा दोनदा मागून घेणारे आबा. अशा ठणठणीत माणसाच्या लेखाला शेवट कुठून आणायचा? काही केल्या जमेना. मग — कसं सांगू? — शेवटच्या परिच्छेदात मी त्यांना मारून टाकलं.

वर्गात वाचलं आणि मॅडमचे डोळे भरून आले. त्यांचे वडील महिन्यापूर्वीच गेले होते, हे मला तेव्हा कळलं. मला जवळ घेऊन म्हणाल्या, "शेवट घाईत उरकलास गं. पुन्हा लिही." तेव्हाच बोलता आलं नसतं का? मी नुसती मान हलवली.

आणि त्याच आठवड्यात आबा कॉलेजच्या फाटकात हजर — हातात भरिताचा डबा. माझ्या शेजारी मॅडम. "हे कोण?" त्यांनी विचारलं.

"आमच्या शेजारचे," मी म्हणाले.

आबांनी एकदाच माझ्याकडे पाहिलं.

"म्हणजे हिच्या आजोबांना ओळखत असाल तुम्ही," मॅडम हळहळून म्हणाल्या. "फार चटका लावून गेले."

आबा थबकले. मग सावकाश टोपी काढली. "भला माणूस व्हता."

एसटी स्टँडवर पोचेपर्यंत हसून हसून त्यांना ठसका लागला. बाकावर बसून त्यांनी अख्खा खर्डा माझ्याकडून वाचून घेतला. "मले दवाखानामा काबरं मारं?" त्यांची तक्रार. "वावरमा मार ना, आंबाखाले!" मी दवाखाना खोडला, शेतातला आंबा लिहिला. रडणारे कोण कोण, तेही त्यांनीच ठरवलं. सगळ्यांत मोठ्यानं रडायचं त्यांच्या धाकट्या भावानं — त्याच्याशी चार वर्षं अबोला होता. या नादात आम्ही पिंपळनेरच्या दोन गाड्या सोडल्या. आबांबरोबर इतकी मी कधीच हसले नव्हते.

तोच खर्डा दिला. मॅडमनी तो घरी आपल्या आईला वाचून दाखवला. त्यानंतर दोघी पहिल्यांदाच वडिलांबद्दल बोलत बसल्या म्हणे. हे त्यांनी स्वतः मला सांगितलं, माझा हात हातात धरून.

खोटं लेखापुरतंच होतं, असं मी स्वतःला समजावत आले. पण 'शेजारचे' हा शब्द लेखात कुठे होता? तो मी आबांच्या तोंडावर उच्चारला. त्यांनी कधी विचारलं नाही. मीही विषय काढला नाही.

आबा आहेत अजून, मजेत आहेत. मॅडम परवा बाजारात भेटल्या. "आजोबांची आठवण येते ना गं?" म्हणाल्या.

"येते," मी म्हणाले.