कंबर धरलेली मावशी

साध्या वेशातला पोलीस आमच्या जिल्ह्यात कोणालाही ओळखू येतो. मी स्वतः पोलीस असून सांगते. चौकड्याचा शर्ट, एक माप मोठा, पँटच्या बाहेर सोडलेला. खाली तपकिरी बूट, आणि बुटाला असं पॉलिश की त्यात पाहून भांग पाडावा. उभं राहणं कवायतीतलं. उजव्या कंबरेवर शर्ट किंचित उचललेला. मोताळ्याच्या बाजारात भेंडी विकणारी बाईसुद्धा विचारते, साहेब, आज कोणाले पकडून राह्यले? आणि साहेबाला वाटतं आपण कोणाला दिसतच नाही.

म्हणून ते लग्नाचं काम आलं तेव्हा आमचे मोठे साहेब माझ्याकडे बघत बसले. मी हवालदार, वय पंचेचाळीसच्या पुढं, अंगानं भरलेली. चारचौघीत उभी राहिले तर मी कोणाची तरी मावशीच वाटते.

नवरी बुलढाण्यातल्या एका कारकुनाची मुलगी. नवरदेव देऊळघाटच्या पुढच्या एका गावातला मास्तर. जात वेगळी, म्हणून मुलीच्या घरून बोलणं बंद झालं होतं, आणि तिच्या धाकट्या भावानं फोनवर सांगितलं होतं की मांडवात येतो, मग बघ. तो फोन तिनं आम्हाला ऐकवला. बंदोबस्त मागायला आलेली ही मुलगी, पण अट घालून बसली. म्हणाली, "मॅडम, माझ्याकडचं कोणीच येणार नाही. निदान लग्न तरी लग्नासारखं होऊ द्या. उद्या बायांनी म्हणू नये की हिचं लग्न पोलिसांनी लावलं." हे बोलताना तिचा आवाज हलला नाही, पण ओढणीचं टोक बोटाला गुंडाळून गुंडाळून तिनं बोट पांढरं केलं होतं. मी तिथंच ठरवलं की या पोरीच्या लग्नात पोलीस दिसणार नाही. मग भाऊ येवो नाहीतर त्याचा बाप.

आता ठरवणं सोपं असतं. लग्न बौद्ध पद्धतीचं, म्हणजे आमच्या घरच्यासारखंच. नवरीच्या आसपास वावरणाऱ्या बाया पांढऱ्या साडीत. आणि पांढऱ्या साडीखाली काळा चामडी पट्टा, पिस्तुलाची काळी खोळ, आत किलोभर लोखंड. फुलाफुलाच्या गडद साडीत हत्ती लपेल, पांढरीत मुंगीही दिसते. त्यात आमच्या मर्द गड्यांना सल्ला द्यायला काय जातं! एक म्हणाला, पर्समध्ये ठेवा. मी विचारलं, आणि पर्स कोणी हिसकली तर? दुसरा म्हणाला, मग परकरात खोचा. बाप्पा, परकराच्या नाडीवर पिस्तूल राहत असतं तर काय पाहिजे होतं? दोन पावलांत परकर आणि अब्रू दोन्ही खाली आले असते.

घरी गेले आणि मशीन काढली. जुन्या चादरीच्या पांढऱ्या कापडाची गवसणी पट्ट्याला आणि खोळीला शिवली. परकर जाड घेतला, त्याच्यावरून पट्टा आवळला. पिस्तूल उजव्या कंबरेवर, थोडं मागं, कारण उजवीकडून पदर वळून येतो आणि तिथं कापड जास्त असतं. साडी सुती घेतली आणि तिला कांजी अशी घातली की ती कागदासारखी कडक झाली. मऊ साडी अंगाला चिकटते आणि सगळं सांगून टाकते. कडक साडी अंगापासून लांब उभी राहते. पदराला खांद्यावर पिन लावली नाही, कारण वेळ आली तर तो एका झटक्यात बाजूला झाला पाहिजे.

नवरा बाजेवर बसून परीक्षक झाला. मी रिकामं पिस्तूल लावून त्याच्यासमोर येरझाऱ्या घालायची आणि तो म्हणायचा, "दिसून राह्यलं." दारात उभी राहिले, मागून ऊन आलं, दिसून राह्यलं. वाकले, पिस्तुलाची मूठ पाठीवर उठून आली, दिसून राह्यलं. माझं डोकं फिरलं. त्याला म्हटलं, तू नेसून दाखव मग. तो हसत म्हणाला, नवरी कोण हाय, तू का ते पोट्टी? पण वाकण्याचं त्यानंच सुचवलं. म्हणाला, कंबरेतून वाकूच नको, गुडघ्यातून खाली बस. तसं बसले, उठले, वळले. शेवटी एका संध्याकाळी त्यानं चहा संपवला आणि विचारलं, लावलं का नाही अजून? मी तर अर्ध्या तासापासून लावूनच फिरत होते. त्या आनंदात मी त्याला दुसरा चहा करून दिला, जो मी कधी देत नाही.

लग्न भर उन्हाळ्यातलं. मांडवात मोठाले कूलर घोंघावत होते, आणि कूलर म्हणजे पदराचा वैरी, म्हणून मी त्यांच्यापासून लांब लांब राहत होते. आमचे दोघं गडी गेटवर, साध्या वेशात. मी आत शिरायच्या आधीच गावातले पोट्टे त्यांना जयहिंद साहेब करून गेले होते. मी नवरदेवाच्या लांबच्या मावशीच्या नात्यानं आत गेले. नवरीनं मला पाहिलं, कंबरेकडं पाहिलं, काहीच सापडलं नाही, आणि ती पहिल्यांदा हसली.

पण नवरदेवाची एक आत्या होती. अशी बाई प्रत्येक लग्नात एक असते, सगळ्यांना जेवण विचारणारी आणि सगळ्यांना मिठी मारणारी. तिनं मला लांबून पाहिलं आणि दोन्ही हात पसरून आली. मला बाजूला व्हायला जागाच नव्हती. तिचा हात माझ्या कंबरेला बसला आणि तिथंच थांबला.  इतक्या रात्री मशीनवर घातल्या त्या या बाईच्या एका मिठीत गेल्या, असं वाटलं.

आत्यानं माझ्या तोंडाकडं पाहिलं आणि आवाज खाली आणून विचारलं, "पट्टा लावला का वं?"

मी म्हटलं, हाव.

"मले बी हाय ना, माय." असं म्हणून तिनं स्वतःचा पदर उचलला आणि डॉक्टरनं दिलेला कंबरेचा पट्टा मला दाखवला. वावरात वाकून सोयाबीन सोंगून सोंगून तिची कंबर गेली होती. मी वंदनेला खाली बसताना कंबरेतून वाकले नाही हे तिनं आधीच हेरलं होतं. तवाच वयखलं म्हणे मी. बाईनं माझा हात धरून मला खुर्चीवर बसवलं, आणि खुर्ची ठेवली कुठं, तर दाराच्या समोर, हवा लागावी म्हणून. तिथून सगळा मांडव दिसत होता. मोठ्या साहेबांनी नकाशा काढून जागा नेमली असती तरी याच्यापेक्षा चांगली सापडली नसती.

मग काय, पाच मिनिटांत माझी कंबर मांडवभर झाली. एक बाई आली, म्हणाली निर्गुडीचा पाला गरम करून बांधा. दुसरी म्हणाली, एरंडाचं तेल. तिसरी म्हणाली की खाटेवर झोपू नका, जमिनीवर झोपा. मी सगळ्यांना हो म्हणत होते, आणि प्रत्येकीच्या खांद्यावरून दाराकडं बघत होते. बंदोबस्तात माझी एवढी काळजी कोणी कधीच घेतली नव्हती.

मंगल गाथा सुरू झाल्या. सगळे उभे राहून तोंडं मंचाकडं करून होते, हातात फुलांच्या पाकळ्या. मी एकटी खुर्चीवर. आणि तेव्हा तो आला. गेटकडून नाही, मागच्या बाजूनं, स्वयंपाकाच्या कनातीतून. नवरीनं दिलेला भावाचा फोटो माझ्या मोबाइलमध्ये होता, चेहरा तोच, बारीक गालांचा. पण पोट वेगळं. एवढ्या उन्हात गडद शर्ट, गळ्यापर्यंत बटणं, आणि बारीक गालांखाली फुगलेलं पोट. दर चार पावलांनी त्याचा हात पोटाकडं जात होता. मी पहिल्यांदा कंबरेला पिस्तूल लावलं तेव्हा माझाही हात असाच जायचा, आहे का पडलं ते बघायला. ट्रेनिंगमधले वस्ताद तेव्हा ओरडले होते, कपडा कितीही चांगला घाल, हात चुगली करतो.

 मधे लेकुरवाळ्या बाया, म्हातारे, मंचावर ती पोरगी. ओरडले तर पळापळ, आणि पिस्तूल काढलं तर तिचं लग्न जन्मभर पोलिसांनी लावलेलंच राहणार. आणि नाही काढलं तर? त्याचा हात पुन्हा पोटाकडं गेला.

मी उठले, दोन पावलं टाकली आणि सरळ त्याच्या अंगावर गेले.

"बाबू, धर रे जरा. कंबर धरली माझी."

आणि माझं सगळं वजन त्याच्या उजव्या हातावर टाकलं. माझं वजन काही कमी नाही. तो मागं सरकायला लागला तर आत्या तिकडून दबक्या आवाजात खेकसली, "धर ना तिले, पाहून काय राह्यला!" आता सगळ्या बायांसमोर कंबर धरलेल्या मावशीला कोण ढकलणार? मुकाट्यानं त्यानं मला धरलं. मी कण्हत कण्हत त्याला कनातीमागं घेऊन गेले, आचाऱ्याच्या कढयांच्या पलीकडं, पाण्याच्या टाकीशी. डाव्या हातानं त्याचं मनगट धरलेलं, उजवा हात माझ्या पदराखाली.

तिथं त्याला टाकीला टेकवलं आणि कोपर त्याच्या पोटावर दाबलं. मऊ लागलं. लोखंड नव्हतं, लाकूड नव्हतं, कापड होतं. घड्यांवर घड्या.

मी विचारलं, हे काय आहे? तो रडकुंडीला आला होता. म्हणाला, "आईचा शालू हाय, मावशी. तिच्या लग्नातला. ताईले द्याचा हाय."

त्यानं बटणं काढली. मोरपंखी शालू, छातीपासून कंबरेपर्यंत वेढे घेऊन गुंडाळलेला, घामानं ओला. बाप दारात बसून पिशवी तपासतो, म्हणून आईनंच सकाळी त्याच्या अंगावर गुंडाळून दिला होता. धमकीचा फोन केला तेव्हाही बाप शेजारी उभा राहून बोलायला लावत होता. एवढं बोलून तो पुढं म्हणाला, "गेटवर दोन पोलीस हायेत, बूट पाह्यले अन् वयखलं. म्हणून मांगून आलो." हे तो मला सांगत होता. माझ्या कंबरेपासून त्याचं कोपर वीतभर लांब होतं.

मला हसू आलं, रडू आलं, आणि रागही आला. लेकाच्या, दुसऱ्या कोणाच्या फोनवरून बहिणीला एक शब्द कळवला असता! पण मावशी असं कसं बोलणार? शालू सोडवायला मदत करते म्हणून मी त्याला चारी बाजूंनी चाचपून घेतलं. दुसरं काही नव्हतं. मग त्यानं शालूची घडी माझ्या हातात दिली आणि म्हणाला, तुम्हीच द्या तिले, मी जातो, मले तोंड नाही.

मी म्हटलं, "मले कंबर हाय का एवढं न्यायले? चाल, तूच ने. आन मलेही धर."

तसे आम्ही दोघं मांडवात आलो, तो मला धरून आणि मी त्याला. तेवढ्यात गाथा संपल्या, साधू साधू साधू झालं, पाकळ्या उडाल्या, आणि नवरीनं मान वर केली. भाऊ दिसल्याबरोबर ती घाबरून माझ्याकडं बघायला लागली. मी मान हलवली. मग तिला त्याच्या हातातलं मोरपंखी दिसलं.  मंचावरून उतरली, शालू घेतला, नाकाशी धरला, ओला होता तसाच. आणि पांढऱ्या साडीवरून अंगभर पांघरला. भावाच्या खांद्यावर डोकं ठेवून ती अशी रडली की आत्यासकट सगळ्या बाया रडायला लागल्या. कोणीतरी म्हणालं, नवरीकडचे आले. हे वाक्य तिनं ऐकलं, मी तिचं तोंड पाहिलं. माझ्या अख्ख्या नोकरीत एवढा मोठा गड मी सर केलेला नाही.

मग फोटो. नवरा-नवरी, भाऊ, आणि आत्यानं ढकलल्यामुळं मी. फोटोवाला म्हणाला, मावशी, कंबरेवरचा हात काढा. मी काढेना, कारण कूलर नेमका आमच्याकडं वळवला होता. आत्यानं त्याला झापलं, दुखून राह्यली ना तिची कंबर, काढ तसाच. त्यानं तसाच काढला.

भाऊ जेवून गेला. वांग्याची भाजी दोनदा घेतली त्यानं. गेटवरच्या आमच्या दोघांना त्यानं जाताना जयहिंद केला म्हणे. मोठ्या साहेबांना मी सगळं सांगितलं. ते बराच वेळ हसले आणि मग रुमाल काढून चष्मा पुसत बसले.

दिवाळीनंतर मी त्या बाजूला कामाला गेले होते, तशीच साडीत, तशीच कंबर बांधून. नवरीकडं चहाला थांबले. आई आता चोरून फोन करते म्हणाली, बाप अजून बोलत नाही. तेवढ्यात एक शेजारीण आली. बसली, इकडचं तिकडचं बोलली, आणि मग तिच्या पोटातलं बाहेर पडलं. म्हणाली, तुझ्या लग्नात पोलीस होते म्हणतात, खरं का वं?

नवरीनं माझ्याकडं पाहिलंसुद्धा नाही. आत जाऊन अल्बम आणला आणि तिच्या मांडीवर ठेवला.

"शोधा बरं."

शेजारणीनं पान पान पाहिलं. गेटवरचे आमचे दोघं कोणत्याच फोटोत नव्हते, फोटोवाल्यालाही ते ओळखू आले असणार. मोरपंखी शालूच्या फोटोवर ती थांबली, आणि तिचं बोट नवरी सोडून, भाऊ सोडून, माझ्यावर येऊन टेकलं. मी चहाची बशी खाली ठेवली.

ती म्हणाली, ह्या तुम्हीच ना? आन असा हात काऊन ठेवला कंबरेवर?

"मावशी हाय माझी," नवरी म्हणाली. "कंबर धरते तिची."

"माय वं," शेजारीण माझ्याकडं वळून म्हणाली, "निर्गुडी लावून पाह्यली का?"