‘जुने फोन’ नावाचा ग्रुप

ऑफिसातले किस्से कुणी मुद्दाम साठवत नाही. चहाला चौघं जमलो की एक निघतो, तेवढ्यात दुसरा आठवतो.

आमचं ऑफिस अंधेरीत. औषधांच्या वेळा सांगणारं अ‍ॅप आम्ही बनवतो. ते नीट चालतंय का, हे तपासायला कपाटात चाळीस फोन आहेत. त्यांना हात लावायचा नाही. क्लाउडवर त्यांचे ग्रुप करायचे आणि एका कमांडनं अख्खा ग्रुप कामाला लावायचा.

*

स्वातीनं रुजू झाल्या झाल्या ‘नवे फोन’ नावाचा ग्रुप केला. तीन वर्षं झाली, तेच फोन, तेच नाव. मी टोकलं तर म्हणते, "माझ्या लग्नाच्या अल्बमवर पण ‘नवीन फोटो’ लिहिलंय रे. बदलू का?"

*

कविता मॅडम आमच्या हेड. डेमोसाठी त्यांनी स्वतःचा फोनही एका ग्रुपात टाकला आणि त्यावरूनच क्लायंटशी बोलायला बसल्या. स्वातीनं रीस्टार्टची कमांड दिली. कपाटातले फोन बंद, मॅडमही गायब!

पाच मिनिटांनी मॅडम परत आल्या. क्लायंट म्हणाला, "कमांड चालते, पटलं!"

*

मागच्या महिन्यात मॅडमनी ठरवलं, ‘जुने फोन’ हा ग्रुप काढायचा. ग्रुप गेला की त्या फोनवर तपासणी बंद, आणि पुढच्या अपडेटनंतर तिथं अ‍ॅपही बंद. "एवढे जुने फोन वापरतं कोण आता?"

त्या ग्रुपचं काम परब बघतो. एरवी वाद घालणारा माणूस, त्या दिवशी नुसतं ‘बरं’ म्हणून मोकळा झाला. मला ते खटकलं, पण मी विचारलं नाही. त्याचं अजून वाईट वाटतं.

मॅडमनी स्वतः कमांड दिली. उत्तर आलं: ग्रुप रिकामा नाही, काढता येणार नाही. कपाटातले फोन तर सगळे आधीच ग्रुपातून काढले होते. यादी उघडली. एक फोन शिल्लक होता. शेवटचा संपर्क दोन मिनिटांपूर्वी, बॅटरी बारा टक्के.

"हा कुठला रे?"

"मनोरीचा, मॅडम, आमच्या गावचा," परब म्हणाला. "आईचा. मध्ये तिला बीपीच्या गोळीची आठवण तासभर उशिरा यायची, म्हणून बघायला मीच जोडलेला. सॉरी. काढतो."

त्यानं माउसला हात घातला. मॅडमनी माउस आपल्याकडे ओढला आणि यादी तशीच ठेवून बंद केली.

"परब, आधी आईला फोन कर. चार्जिंगला लाव म्हणावं."