मामांनी मोडलेली एकादशी

दुसऱ्याच्या दुखण्यावर विश्वास न ठेवणारा माझ्या मामांइतका पक्का माणूस जालन्याच्या अख्ख्या मुलखात सापडायचा नाही. ताप म्हणजे आळस, डोकेदुखी म्हणजे नखरा आणि सांधेदुखी म्हणजे काम टाळायची तजवीज, ही त्यांची वैद्यकी. निजामाच्या अमलात कचेरीत लागले ते बदनापुरातच पेन्शनीत निघाले, आणि आजारपणाची रजा एकदाही घेतली नाही हे लग्नाच्या पंगतीत, वाढप्याला थांबवून सांगत. शेजारी कुणी खोकलं की आमच्या ओट्यावरून आवाज जाई, "बिलकुल ढोंग आहे!" मी तिथल्या शाळेत शिक्षिका म्हणून लागले आणि त्यांच्याकडे राहू लागले, तेव्हा पडसं आलं तर शिंका शाळेतच उरकून घरी येत असे.

या वैद्यकीचा सगळा मार मामीने खाल्ला. तिचे गुडघे कधीचेच गेले होते. चुलीपुढून उठताना ती भिंतीला हात लावायची आणि तोंडून "आई गं" निघायचं. त्या जागेचा चुना तिच्या हाताने काळा पडला होता. मामा पेपरामागून म्हणत, "चालत राह्य. चालल्यानं सांधे मोकळे होतेत." जालन्याच्या डॉक्टरांना दाखवू, गाडीने असं कितीसं लांब आहे, म्हणून मी कितीदा तरी डोकं फोडलं. "वय झाल्यावर दुखणारच. त्यात डॉक्टर काय करंल?" हे ठरलेलं उत्तर. मामी हसून विषय बदलायची. एका हिवाळ्यात ती तापाने गेली, आणि गेली तोवर भिंत धरूनच उठत होती. मला मामांचा राग आला. तो अजून आहे.

मामीच्या मागे घरात उरलो मामा, मी आणि तिचा म्हातारा कुत्रा, हवालदार. फाटकाशी बसून येणाऱ्याजाणाऱ्याची झडती घ्यायचा म्हणून हे नाव तिनेच ठेवलेलं. त्याला शिस्तही तिचीच. घरातल्या कुणी पहिला घास घेतल्याशिवाय तो आपल्या ताटलीला तोंड लावत नसे, आणि एकादशीला घरात धान्य शिजायचं नाही म्हणून त्यालाही त्या दिवशी भगरच. जिवंतपणी मामांनी मामीचं एक ऐकलं नव्हतं. ती गेल्यावर मात्र तिचा एकही नियम मोडलेला त्यांना चालेना.

पुढच्या थंडीत हवालदाराचे मागचे पाय आखडले. उठायला गेला की कण्हायचा आणि परत बसायचा. त्याचं ते पहिलं कण्हणं ऐकलं तेव्हा मामांनी हातातला पेपर टाकला. मी बघतच राहिले. तासाभरात हातगाडी आली, तिच्यावर मामीने शिवलेली गोधडी, गोधडीवर हवालदार, आणि आमची वरात भर बाजारातून जनावरांच्या दवाखान्याकडे. कोपऱ्यावरच्या शिंप्याने मशीन थांबवून विचारलं, "मामा, मामीला कधी गाडीत बसवलं न्हाई, अन् कुत्र्याला?" सगळा बाजार हसला. मामा समोर बघत चालत राहिले. मी त्या शिंप्याला मनातल्या मनात शाबासकी दिली.

तिथले डॉक्टर बैल-म्हशींत मुरलेले. कुत्र्याचे सांधे दाखवायला आलेलं गिऱ्हाईक त्यांना नवीनच होतं. पण त्यांनी नीट तपासलं. "म्हातारपणाचा संधिवात आहे, बरा होणार नाही. दुखणं मात्र कमी ठेवता येईल. गोळी पोटात अन्न गेल्यावरच द्या, रिकाम्या पोटी कधीच नको. अन् मनानं वाढवू नका."

मग मामांना काही धरबंदच राहिला नाही. दुधात भाकरी कुस्करायची, आपण एक घास घ्यायचा, मग गोळी लपवून त्याला भरवायचं. विटा शेकून फडक्यात गुंडाळून कमरेशी ठेवायच्या. कुणी मोठ्याने बोललं तर, "हळू! त्याचा डोळा लागून राह्यला." आणि मधूनच, "लई दुखून राह्यलं का रे, राजा?" हा आवाज त्यांच्या गळ्यात होता हे मला माहीत नव्हतं. मामीलाही नसावं. हवालदार पुन्हा फाटकापर्यंत जाऊ लागला.

आणि एकादशी आली. हवालदाराने भगर हुंगली आणि मान फिरवली. गोळीची वेळ झाली म्हणून मामांनी ती गुळाच्या खड्यात घालून दिली. दुपारी तो ओकला, त्यात रक्त होतं. मामा अनवाणी पळत जाऊन डॉक्टरांना घेऊन आले.

"रिकाम्या पोटी नको म्हणून सांगितलं होतं ना?"

"आज एकादशी आहे," मामा म्हणाले.

डॉक्टरांनी गोळी बंद केली, दुसरं औषध पाजलं, आणि पोट जरा थंडावलं की मऊ भात द्या, नाहीतर हा जगायचा नाही, असं बजावून गेले.

संध्याकाळी मामा म्हणाले, "भात टाक." मी टाकला. हवालदार ताटलीकडे बघेना, मामांकडे बघत राहिला. मामा त्याच्यासमोर जमिनीवर बसले आणि त्यांनी एकादशीच्या दिवशी भाताचा घास तोंडात घातला. "हा कण्हतो, मंग मला कळतं," ते म्हणाले. "तुझी मामी कधी कण्हलीच न्हाई."

"कण्हायची, मामा. रोज कण्हायची. तुम्ही पेपर वाचत होतात."

हवालदार खाऊ लागला होता.

तो वाचला. पुढे बेतानेच औषध घेत आणखी एक उन्हाळा त्याने फाटकाशी काढला आणि तिथेच झोपेत गेला. नंतर मामांचे गुडघे गेले. उठताना ते भिंतीच्या त्याच काळ्या जागेला हात लावत, "आई गं" म्हणत, आणि मी ऐकलं का म्हणून चोरून बघत. मी जालन्याहून गोळ्या आणल्या.

"मला नकोत. तिला कुठं दिल्त्या?"

मी वाद घातला नाही. दूधभाताची ताटली त्यांच्यासमोर ठेवली आणि खाली बसून आधी मी एक घास घेतला. त्यांनी माझ्याकडे बघितलं, आणि ताटली जवळ ओढली.