सर्वांसाठी खुला

पप्पा सरकारी कार्यालयातून निवृत्त झाले आणि दुसऱ्याच दिवशी नव्या नोकरीला लागले. ही नोकरी म्हणजे वर्तमानपत्राच्या आतल्या पानावरचा शहरातल्या कार्यक्रमांचा रकाना. सकाळी चहाबरोबर ते लाल पेन घेऊन बसायचे. गाणं, नाच, पुस्तक प्रकाशन, चित्रांचं प्रदर्शन, परदेशी सिनेमा, काहीही चालायचं. अट एकच, खाली ‘प्रवेश विनामूल्य, सर्वांसाठी खुला’ असं छापलेलं हवं. तसं नसेल तर तो कार्यक्रम त्यांच्या लेखी नव्हताच.

येरवड्याहून दुपारची बस पकडून ते आधी मंडईत जायचे, भाजी घ्यायचे आणि पिशवीसकट सभागृहात हजर व्हायचे. त्यांच्या कृपेने मेथीच्या जुड्यांनी जितकं शास्त्रीय संगीत ऐकलं, तितकं माझ्या ऑफिसातल्या कोणीही ऐकलं नसेल. घरी आले की आईला सगळं साग्रसंगीत सांगायचे. एकदा एका हंगेरियन सिनेमाची गोष्ट त्यांनी पाऊण तास लावून सांगितली. नवरा-बायको घर सोडून जातात, बर्फ पडत राहतो, कोणी कोणाशी बोलत नाही. आईने शेंगा सोलता सोलता सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, “मग घराला कुलूप कोणी लावलं?” पप्पा दोन दिवस त्याचा विचार करत होते.

मी तेव्हा नुकतीच सॉफ्टवेअर कंपनीत लागले होते. सकाळी कंपनीची गाडी दारात यायची, गळ्यात ओळखपत्र लटकायचं आणि डोक्यात थोडी हवाही गेली होती. एका मोठ्या मैफलीचं पुढच्या रांगेतलं तिकीट मी त्यांच्यासाठी काढून आणलं. त्यांनी ते उलटसुलट करून पाहिलं आणि म्हणाले, “तूच जा. मला त्या दिवशी दुसरीकडे जायचंय, विनामूल्य आहे.” मी चिडले. आता काय कमी आहे आपल्याला, हा चिक्कूपणा कशासाठी, असं तोंडावर बोलून मोकळी झाले. ते चपला घालून बाहेर पडले.

मग आई म्हणाली, “चिक्कू नाहीत गं ते. लहानपणी त्यांच्या गावात देवळासमोर गाणं-बजावणं व्हायचं. आपल्या माणसांनी कुंपणाबाहेर उभं राहून ऐकायचं. एकदा हे आत जाऊन बसले, तर दंडाला धरून उठवलं त्यांना, सगळ्यांसमोर. त्यांना ते ‘सर्वांसाठी’ लागतं. फुकटाचं काही नाही त्यांना.”

पप्पांनी हे मला कधीच सांगितलं नव्हतं. मला माझी भयंकर लाज वाटली. तिकीट मैत्रिणीला देऊन टाकलं आणि येत्या शनिवारी मी तुमच्याबरोबर येते, असं पप्पांना सांगितलं. ते म्हणाले, “ये. पण भाषणं चालू असताना जांभया द्यायच्या नाहीत.”

त्या शनिवारच्या इमारतीत एकावर एक अशी दोन सभागृहं होती. पप्पा एवढी वर्षं पुण्यात राहिलेले, पाटी वाचल्याशिवाय ते जिनासुद्धा चढत नसत. पण बसने उशीर केला होता, खालच्या दारातून तंबोरा ऐकू येत होता आणि ‘खासगी समारंभ’ या पाटीवर कोणीतरी झेंडूची माळ अशी सोडली होती की नुसतं ‘समारंभ’ दिसत होतं. आम्ही आत शिरलो आणि तिसऱ्या रांगेत बसलो. मेथी पायाशी ठेवली. गाणं सुरेख चाललं होतं. पप्पांनी डोळे मिटले होते आणि बोटं गुडघ्यावर ताल धरत होती. आजूबाजूला पैठण्या जरा जास्तच आहेत असं मला वाटलं.

मध्यंतरात रेशमी झब्बा घातलेले एक गृहस्थ आले. “आपण कोणाकडून?”

“पेपरात वाचून आलो,” पप्पा म्हणाले.

“आईच्या पंचाहत्तरीचं आम्ही पेपरात दिलं नव्हतं. तुमचं वरच्या मजल्यावर. बाहेर पाटी आहे. वाचली की कळतं.”

पप्पा ताडकन उभे राहिले. “चूक झाली, माफ करा,” म्हणाले आणि पिशवी घ्यायला वाकले. त्यांचा चेहरा पार उतरला होता. आख्खी रांग आमच्याकडे बघत होती. आईने सांगितलेलं सगळं मला आठवलं, आणि त्या गृहस्थांना चार शब्द सुनवायला मी तोंड उघडलं. तेवढ्यात पहिल्या रांगेतल्या उत्सवमूर्ती आजी मागे वळल्या.

“काय झालं रे?”

“काही नाही आई, हे दोघं चुकून आलेत.”

“चुकून आलेले तेवढेच नीट ऐकत होते. बोलावलेले सगळे मोबाईलमध्ये आहेत. बसा हो तुम्ही. आणि जेवल्याशिवाय जायचं नाही.”

गृहस्थांनी निमूटपणे स्वतःच खुर्ची नीट करून दिली. मी तर बसलेसुद्धा. पप्पा मात्र पुढे गेले, आजींना नमस्कार केला आणि पिशवीतली एक जुडी त्यांच्या हातात दिली. “आपण म्हणालात यातच सगळं आलं. पंचाहत्तरीच्या शुभेच्छा.” आजींनी जुडीचा वास घेतला आणि म्हणाल्या, “ताजी आहे. पण निवडून आणली असती तर बरं झालं असतं.” दोघंही मनापासून हसले. मग पप्पांनी मला डोळ्यांनीच उठायची खूण केली.

वरचं सभागृह खच्चून भरलं होतं. आम्ही अगदी मागे, भिंतीला पाठ लावून उभे राहिलो. माझी कुरकुर सुरू झाली. खाली खुर्ची होती, पंखा होता, जेवणही होतं, आणि मुख्य म्हणजे गाणं याहून चांगलं होतं.

पप्पा माझ्या कानाशी वाकले. “खालची खुर्ची त्या बाईंनी दिली होती. मोठ्या मनाने दिली. इथली आपलीच आहे. फक्त आज तिच्यावर आपल्याआधी दुसरं कोणीतरी येऊन बसलंय.”