मडक्यातलं इन्सुलिन

माझी नात स्वाती नऊ वर्षांची. रोज इन्सुलिन घेते. महिन्यातून एकदा तिला भंडाऱ्याच्या डॉक्टरांकडे नेतो. तिथल्या बाकावर मी फारसं बोलत नाही. पण गप्प माणूस दिसला की लोक आपलं सगळं त्याच्याजवळ ठेवून जातात!

*

मोहाडीकडचे नामदेवभाऊ तलावात मासे धरतात. घरी फ्रीज नाही, म्हणून त्यांनी इन्सुलिन मासोळीच्या बर्फात ठेवलं. गोठलेलं औषध वितळवून टोचत राहिले. साखर चढतच गेली! गोठलं की इन्सुलिन निकामी होतं, म्हणून डॉक्टर रागावले, तर नामदेवभाऊ म्हणतात, "मासोळी टिकते जी, मंग हे काहून नाई टिकत?"

शेवटी सिस्टरनं आम्हा सगळ्यांना शिकवलं. मोठ्या मडक्यात लहान मडकं, मधे ओली रेती, आत औषध; गार राहतं, गोठत नाही. आमच्या घरी तेच आहे.

*

पवनीचे एक मास्तर, अंगानं वाळलेले. सुईवाल्यांना हसायचे. "आपण गोळीवाले आहोत बाप्पा!"

गोळ्यांनी साखर उतरेना. डॉक्टरांनी रक्तातल्या अँटीबॉडी तपासल्या. "मास्तर, तुमचं शरीरच इन्सुलिन बनवणारा भाग मारून राहिलं. या त्याच्या खुणा. आता इन्सुलिन लागेल."

मास्तर पांढरे पडले! स्वाती त्यांच्याजवळ सरकली. "पोटाले टोचा मास्तर. हातापेक्षा कमी दुखते."

*

त्याच दिवशी मी डॉक्टरांना विचारलं, "ह्या खुणा आधीच दिसतात का जी?"

"दिसतात, आबाजी. पान पिवळं पडायच्या आधी खोडकिडा सापडावा, तसं. स्वातीच्या बहिणीचं रक्त तपासून घ्या."

धाकटी गुड्डी सहा वर्षांची. दिवसभर उड्या! तिला काय होणार, म्हणून मी निर्धास्त होतो.

रिपोर्टमध्ये दोन खुणा निघाल्या. आज साखर बरोबर आहे, पण पुढे इन्सुलिन लागेलच असं धरून चला, डॉक्टर म्हणाले. कधी, ते सांगता येत नाही. बाहेर बाकावर गुड्डी चिवडा खात होती.

घरी मुलाला आणि सुनेला तेवढं सांगितलं. पोरींसमोर बोलायचं नाही, असं ठरलं.

*

पुढच्या बाजाराच्या दिवशी स्वाती आईसोबत गेली होती. संध्याकाळी पाहतो तर तिच्या मडक्याशेजारी एक नवं मडकं! ती त्यात काठोकाठ पाणी भरत होती.

"हे कोणाचं, बाई?"

"गुड्डीचं."

तिनं मान वर केली नाही.

"नवं मडकं लगेच कामी नाई येत, आबाजी. आधी त्याले पाणी पिऊ द्या लागते."