जेवणाआधीचा ओला टॉवेल

मंडळी, दुपारी एक प्रकार झाला आणि माझं डोकं अजून ठिकाणावर नाही.

मुलगा रियाधला बँकेत आहे, मी महिनाभर त्याच्याकडे आलेय. आज तो मला एका जपानी हॉटेलात घेऊन गेला. ऋतूप्रमाणे नऊ पदार्थ, एकामागून एक, प्रत्येक जेमतेम घासभर.

आम्हाला छोट्याशा खोलीत बसवलं. वेटरने हात पुसायला कोमट ओले टॉवेल दिले आणि सरकतं दार लावून घेतलं. मी माझा टॉवेल उचलला आणि शेजारी बसलेल्या मुलाच्या नाकातोंडावर दाबून धरला.

"आई, काय करतेयस?"

क्षणभर माझं मलाच कळेना. मग सांगितलं. आखाती युद्धात आम्ही इथेच होतो, तो सहा महिन्यांचा होता. सायरन वाजला की एका खोलीत दार बंद करून बसायचो, कारण विषारी गॅसची भीती होती. ह्यांच्या ऑफिसने दोन मास्क दिले होते, पण ते मोठ्यांच्या मापाचे. म्हणून बाळाच्या तोंडावर ओला टॉवेल धरायचे.

पहिला पदार्थ आला. ताटलीत एक लाल पान होतं, ते खायचं की नुसतं बघायचं कोण जाणे. मी बघत बसले.

मुलगा हळूच म्हणाला, "मग तुम्ही दोघं मास्क लावायचात?"

तेव्हा तान्हं मूल घेऊन रियाधला राहिलेलं ह्या ग्रुपवर कोणी आहे का? तुम्ही लावायचात का? मला खरंच आठवत नाहीये.