पळाला म्हणे!

कुवेतमध्ये, अहमदीतल्या आमच्या ऑफिसात मॅनेजरचं कोण कौतुक! आपला मराठी माणूस, गणपतीत आरतीला सगळ्यांच्या पुढे, मला वहिनी म्हणतो. एका सकाळी माझ्या टेबलाशी येऊन म्हणाला, “वहिनी, आपला सुतार फरार झाल्याची तक्रार टाका. गेल्या आठवड्यातच पळाला म्हणून लिहा.”

मला वाटलं, माझ्याच ऐकण्यात चूक झाली. आमच्या कोकणातला, कणकवलीकडचा हा सुतार आदल्या दिवशी कंपनीच्या गाडीत बसताना मी पाहिला होता. मॅनेजरनेच त्याला खैरानला धाडलं होतं, मालकाच्या मेव्हण्याच्या समुद्रकाठच्या बंगल्यात दरवाजे बसवायला.

“साहेब, तुम्हीच पाठवलंत ना त्याला?”

“अहो, काल तिथे चेकिंग आलं. उचलला त्याला.”

कामगारांचे कागद मी रोज हाताळते. ज्याच्या नावावर कामगाराचा इकामा, म्हणजे इथे राहायचा परवाना, त्याच्याकडेच कामगाराने काम करायचं. दुसरीकडे राबवायला पाठवलं तर दंड पाठवणाऱ्याला, आणि ठेवून घेणाऱ्यालाही. पण ‘पळाला’ अशी तक्रार ठोकली की मालक नामानिराळा! सुताराच्या बोटांचे ठसे घेऊन त्याला घरी धाडणार, आणि पुन्हा कुवेतचं नाव काढायची सोय नाही. लेक नर्सिंगला आहे, तिचं शिक्षण होईपर्यंत इथलं काम टिकू दे, एवढंच तो येता-जाता बोलायचा.

माझं डोकंच फिरलं. “मी नाही टाकणार! तुमच्या गाडीतून गेला, तुमच्या हुकमावरून गेला, आणि पळाला म्हणे! लाज वाटते का जराशी?”

“वहिनी, भावनेच्या भरात बोलू नका. एका माणसासाठी सगळी कंपनी गोत्यात आणायची का? खल्लीवल्ली!”

खल्लीवल्ली, म्हणजे सोडा हो, गेलं उडत. इथे गाडीला ओरखडा आला तरी लोक हेच म्हणतात आणि माणसाचं वाटोळं झालं तरी हेच. मग त्याने तिथेच चहा पीत पीत मोबाइलवरून तक्रार टाकून दिली.

मी कामगार खात्यात जाऊन खरं काय ते सांगितलं. खिडकीतल्या माणसाने ऐकून घेतलं. ज्याने तक्रार केली त्यानेच ती मागे घ्यायची, असं म्हणून त्याने पुढच्याला हाक मारली.

हाकलून द्यायच्या लोकांना ठेवतात तिथे सुताराची बॅग पोचवायलाही मीच गेले. मॅनेजरला कुठला वेळ! ‘तू भागा हुआ है’ एवढंच कुणीतरी सुताराला सांगितलं होतं. जाळीपलीकडून तो म्हणाला, “ताई, मी खंय पळालंय? माका तर गाडीयेत घालून नेल्यानी! तुमी साहेबांका बोलवा, ते येवन सांगतले.”

साहेबांवर अजून भरवसा! तक्रार साहेबांनीच केलीय, हे मी त्याला सांगितलं. मग तो म्हणाला, “घराकडे सांगू नकात. चेडवाची नर्सिंगची परीक्षा आसा.”

त्याच आठवड्यात त्याला विमानात बसवलं. दुसऱ्या दिवशी मॅनेजर पुन्हा माझ्या टेबलाशी हजर. “वहिनी, खैरानचे दरवाजे अर्धवट राहिलेत. तुमच्या कोकणातला एखादा चांगला सुतार बघा ना.”

“बघते की,” सगळ्या ऑफिसला ऐकू जाईल अशा आवाजात मी म्हटलं, “फक्त त्याला कधी पळवायचं, ते आत्ताच सांगून ठेवा.”